त्यांच्या पोरांची माती ती कला, आमच्या पोरांची माती तो चिखल !

शहरांत हल्लीं शाळांच्या पाट्या वाचीत फिरलें तर चांगली करमणूक होते. ‘बालकेंद्रित शिक्षण’, ‘खेळांतून शिक्षण’, ‘ओझें नाहीं, भीति नाहीं’! आंत डोकावावें तर गुळगुळीत फरशीवर प्लॅस्टिकच्या घमेल्यांत माती ठेवलेली, आणि मोटारींतून उतरलेलीं मुलें त्या मातींत हात घालून बसलेलीं. शेजारीं आया ओला रुमाल घेऊन उभी. पोरानें मातीचा वांकडातिकडा साप केला कीं बाई टाळ्या पिटतात, आईबाप फोटो काढतात, आणि तो साप काचेच्या कपाटांत जातो. या शाळांची वर्षाची फी ऐकली तर आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला भोंवळ यावी.

आणि त्याच सकाळीं कुंभाराची पोर, कोपरापर्यंत हात माखलेले, घरचें काम उरकून धांवतपळत गांवच्या शाळेंत येते तेव्हां तिच्या कानांवर काय पडतें? “जा, आधीं हात धुऊन ये. वर्गांत चिखल घेऊन आलीस!” माती तीच, पाणी तेंच, हात मात्र वेगळे. त्यांच्या पोरानें उचलली तर ती कला, आमच्या पोरीनें उचलली तर तो चिखल. शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, हा न्याय कोणत्या पोथींत लिहिला आहे तें मला दाखवा.

आपल्यांतलेच कांहीं शहाणे म्हणतात, “गुरुजी, हीं चित्रें, गाणीं, मातीकाम म्हणजे पैसेवाल्यांचे चाळे. आपल्या पोरांना अंक-अक्षर आलें म्हणजे पुरे.” अहो, पण हे चाळे जन्मले कोणाच्या दारांत, एवढें तरी विचारा! इटलीची राजधानी रोम. तिच्यांत सान लोरेन्झो नांवाची मजुरांची वस्ती होती. आईबाप कामाला गेले कीं शाळेच्या वयाला न आलेलीं पोरें दिवसभर चाळीच्या जिन्यांत उनाडत आणि भिंती खरवडीत. चाळी ज्या मंडळीच्या ताब्यांत होत्या तिनें त्या नुकत्याच दुरुस्त केल्या होत्या. भिंती वांचाव्यात म्हणून तिनें एक खोली दिली आणि पोरें संभाळण्याची व्यवस्था एका डॉक्टरीण बाईंकडे सोंपविली. त्या बाई मारिया मॉन्टेसरी, आणि तो दिवस ६ जानेवारी १९०७. मालकांना राखणदार पाहिजे होता. पोरांच्या शिक्षणाची आंच त्यांना नव्हती, भिंतीच्या रंगाची होती.

त्या बाईंनीं तेथें काय केलें? व्याख्यान दिलें नाहीं, छडी धरली नाहीं. लांकडाचे ठोकळे, बटणें लावायच्या चौकटी, खरखरीत कागदाचीं कापलेलीं अक्षरें पोरांच्या हाताला लागतील अशीं ठेवलीं आणि पाहात बसल्या. पोरें आपल्या मनानें एक वस्तु उचलीत, तीच तीच क्रिया वीस वेळां करीत, आणि पुरे झालें म्हणजे जेथल्या तेथें ठेवीत. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवितां फिरवितां चार-पांच वर्षांचीं मजुरांचीं पोरें लिहूं लागलीं. हें पाहायला देशोदेशींचीं मोठीं माणसें त्या वस्तींत आलीं. म्हणजे ज्या पद्धतीला आज आपण श्रीमंतांची म्हणून लांबून नमस्कार करतों, ती मजुराच्या शेंबड्या पोरानें सिद्ध करून दाखविली. मग तिला बाजारभाव आला, सामान महाग झालें, पाटी रंगली, आणि ज्याच्या अंगणांत झाड उगवलें त्यालाच फळ तोडायची बंदी झाली!

हिंदुस्थानांतहि हेंच व्हायचें, पण कांहीं माणसें आडवीं आलीं. भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं वकिली सोडून १९२० सालीं बालमंदिर काढलें. तेथें ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. पुढें ताराबाईंनीं शहर सोडून १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डी गांवीं ग्रामबालशिक्षा केंद्र उभें केलें. त्यांच्या हाताशीं आल्या अनुताई वाघ, एक बालविधवा, ट्रेनिंग कॉलेजांतून तयार झालेली शिक्षिका. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तो मुलूख आतां पालघर जिल्ह्यांत आहे. (त्या दोघी बाया कोणत्या जातींत जन्मल्या हें कोणी माझ्या कानांत सांगायला येऊं नये. मला ठाऊक आहे. ज्यानें आपल्या पोराचें नाक पुसलें त्याची जात विचारण्याइतकें आपलें हें पत्र हलकें नाहीं.)

बोर्डी-कोसबाडला त्यांनीं जें केलें तें आम्हां मास्तरांनीं पाठ करण्यासारखें आहे. पोरें बालवाडींत येईनात. तर बालवाडी त्यांच्या अंगणांत गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला, कोणा सचिवाच्या टेबलावरचा नव्हे. थोरलीं पोरें गुरें राखायला जात म्हणून शाळेंत येईनात. तर शाळा गुरांच्या मागोमाग कुरणावर गेली, आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हणूं लागले. विलायती सामान महाग. तर चिंचोके, खडे, शिंपले, पानें, बिया आणि पायांखालची माती हेंच सामान झालें. पोराला शाळेच्या मापाचें कापण्याऐवजीं शाळाच पोराच्या मापाची बेतली. बालकेंद्रित या जड शब्दाचा अर्थ इतका सोपा आहे.

पुढें १९७५ सालीं सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना काढली आणि अंगणवाडी हें नांव देशभर झालें. नांव गेलें, पण आंतलें मर्म वाटेंत सांडलें. आज आमची अंगणवाडी-सेविका वजनें घेते, आहार वांटते, नोंदी भरते, मोबाईलवर माहिती चढविते, वरून सर्वेक्षणाला जुंपली जाते, आणि या सगळ्याला पगार नाहीं, मानधन! तिनें पोरांच्या हातांत चार सागरगोटे कधीं द्यावे?

आतां आमच्या लोकांचा खरा प्रश्न घेतों. एका कुंभारबाबानें मला तोंडावर विचारलें, “गुरुजी, माती तुडवून माझा जलम गेला. पोरगी शाळंत घातली ती मातीतनं सुटावी म्हणून. आन् तुमी तितंबी तिच्या हातात मातीच देताय व्हय? मंग साळा कशापायी?”

या प्रश्नाला हंसेल तो मास्तर मास्तरकीला नालायक. कारण हा संशय हवेंतून आलेला नाहीं. १९५३ सालीं मद्रास राज्यांत मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनीं प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना आणली. खेड्यांतल्या मुलांनीं दिवसाला तीन तास शाळेंत बसावें आणि उरलेल्या वेळांत बापाचा धंदा शिकावा. न्हाव्याच्या पोरानें वस्तरा, परटाच्या पोरानें धोपटणें. कारण सांगितलें तें असें, कीं शाळा थोड्या, मास्तर थोडे, दोन पाळ्या केल्या तर दुप्पट पोरें शिकतील, आणि हातालाहि वळण लागेल. ऐकायला किती गोड! परंतु ही योजना खेड्यांपुरतीच होती. शहरांतल्या शाळांना ती नव्हती, एवढी एक गोष्ट पाहिली म्हणजे गोडी उतरते. पेरियार रामस्वामी आणि सारी द्राविड चळवळ तिच्यावर तुटून पडली. तिला त्यांनीं ‘कुळाच्या धंद्याचें शिक्षण’ असें नांव ठेवलें आणि त्या नांवानेंच तिचा निकाल लागला. १९५४ सालीं राजगोपालाचारींना खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या जागीं लहानपणींच शाळा सुटलेले कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली.

त्याआधीं १९३७ सालीं वर्ध्याला महात्मा गांधींनीं नई तालीम मांडली होती. हाताच्या धंद्याभोंवतीं सारें शिक्षण गुंफावें, मातृभाषेंत द्यावें, हें तत्त्व मला मान्य आहे. पण पोरांच्या हातच्या मालांतून शाळेचा खर्च, मास्तराचा पगार निघावा, ही जी त्यांची अपेक्षा होती तेथेंच घोडें पेंड खातें. पोराचें सूत विकायला निघालें कीं शाळेचा कारखाना होतो आणि मास्तराचा मुकादम. मग सुतांत गांठ पडली तर पोर शिकत नाहीं, मार खातें.

तेव्हां कुंभारबाबा, तुमचा संशय रास्त आहे. पण संशयापायीं पोरीच्या हातांतली माती काढून घेऊं नका. माती कोण देतो, कशासाठीं देतो, आणि आणखी कोणाकोणाला देतो, हें पाहा. पाटलाचें पोर, दुकानदाराचें पोर, मास्तराचें पोर त्याच चिखलांत हात घालून बसलें आहे काय? बसलें असेल तर ती शाळा. आणि तें पोर वर्गांत पुस्तक वाचीत असून फक्त कुंभाराची पोर बाहेर माती मळीत असेल, तर ती शाळा नव्हे, मद्रासची योजना मागच्या दारानें आली आहे असें समजा आणि शाळेला कुलूप ठोका.

घरची माती आणि शाळेची माती यांत आणखी एक अंतर आहे. घरीं पोर दिवाळीला शेंकड्यांनीं पणत्या थापते. एक पणती दुसरीसारखी झाली पाहिजे, नाहींतर गिऱ्हाईक घेत नाहीं. तेथें तिला ‘कां?’ विचारायला फुरसत नाहीं. शाळेंत विचारायचें तें हेंच. मातींत लीद आणि राख कां घालतात? आव्यांतून एक मडकें तडकून निघतें, शेजारचें शाबूत, असें कां? आमच्या वर्गांत एकदां उंच घडा आणि बसका डेरा समोर ठेवून पोरांना विचारलें, कोणांत पाणी जास्त मावेल? बहुतेकांनीं उंचाकडे बोट केलें. कुंभाराची पोर गप्प होती, मग हळूच म्हणाली, “डेरा.” तांब्यानें मोजलें. डेराच निघाला. मग सगळीं पोरें घरून आपापलीं भांडीं आणूं लागलीं. कोणी अंदाज वहींत लिही, कोणी माप लिही, अंदाज आणि माप यांतली वजाबाकी करी. चौथींतलीं पोरें ज्या वजाबाकीला रडत, ती त्यांनीं त्या आठवड्यांत कोणी न सांगतां पन्नास वेळां केली. लिहितां न येणाऱ्या दोघांनीं भांड्यांचीं नांवें लिहिण्यासाठीं अक्षरें मागून घेतलीं. स्वयंशिक्षण म्हणतात तें हेंच. त्याला वेगळें शिंग नसतें.

आणि आमच्या कारागिरांच्या घरांत हें ज्ञान किती पडलें आहे! लोहार गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवीत असे तेव्हां चाक जमिनीवर एक फेरा लोळवून लांबी घेई, धाव मापानें किंचित् आंखूड ठेवी, लालबुंद तापवून चढवी आणि पाणी ओती. उष्णतेनें धातु फुगतो, थंडीनें आंवळतो, हा धडा पुस्तकांत येण्यापूर्वीं त्याच्या आज्याला ठाऊक होता. आतां रबरी टायर आले, धाव चढवणारे हात थोडे राहिले. ते हयात आहेत तोंवर पोरांनीं त्यांना विचारून घ्यावें. गवंडी पायाची आंखणी करतांना दोरीनें तीन, चार आणि पांच हात मोजून काटकोन काढतो. तोच सिद्धांत पुस्तकांत पायथॅगोरसचें नांव लावून आला कीं गवंड्याचेंच पोर त्यांत नापास होतें! बापाच्या दोरींत जें होतें तें पोराच्या वहींत पोंचलें नाहीं, कारण मधें उभ्या असलेल्या मास्तरानें दोरीला कधीं हात लावला नव्हता.

जोतीराव फुल्यांनीं हें दुखणें ओळखलें होतें. १९ ऑक्टोबर १८८२ च्या तारखेचें त्यांचें निवेदन हंटर कमिशनपुढें गेलें. बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण त्यांनीं त्यांत मागितलेंच. पण खेड्यांतला मास्तर कसा असावा हेंहि सांगितलें. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्याला लाज वाटणार नाहीं, असा तो असावा. याला १४० वर्षें उलटून गेलीं. अध्यापक विद्यालयांत मीं मुलांच्या मानसशास्त्राचीं टिपणें पाठ केलीं, पाठाच्या टाचणांच्या वह्या भरल्या. वाकस कसा धरतात हें मला एका सुतारदादानेंच शिकविलें, तेंहि नोकरी लागून दहा वर्षें झाल्यावर.

सुतार-कुंभारांना शाळेंत आणावें तर काय होतें तेंहि ऐका. मीं एका कारागिराला आठ दिवस शाळेंत बोलावलें. मनुष्य आठ दिवसांची मजुरी बुडवून आला. त्याला कांहीं मोबदला द्यावा म्हणून वरच्या कचेरीला लिहिलें. उत्तर आलें : संबंधित इसमाची शैक्षणिक पात्रता कळवावी! ज्याच्या हातचें पाणी त्या कचेरींतला माठ पाजतो, त्याची पात्रता त्यांनीं मला विचारावी!

कायदा काय म्हणतो? मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचें २९ वें कलम सोन्यानें मढवावें असें आहे : मुलानें कृतींतून, शोध घेत, न भितां शिकावें. पण त्याच कायद्याच्या शेवटीं एक परिशिष्ट जोडलें आहे, तें वाचा. कला, खेळ आणि कार्यशिक्षण यांचे शिक्षक नेमायचे ते सहावी ते आठवीच्या वर्गांत पटावर शंभराहून अधिक मुलें असतील तरच, आणि तेहि अर्धवेळ. पहिली ते पांचवीला त्याचें नांवच नाहीं. आतां वाडीवस्तीवरच्या शाळेंत, धनगरवाड्यांत, पाड्यावर त्या तीन वर्गांत शंभर पोरें कोठून आणायचीं? म्हणजे कलम आपल्याला आणि शिक्षक मोठ्या गांवाला!

२०२० सालीं नवें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलें. सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना जावेत, आणि त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्यापाशीं जाऊन काम शिकावें, असें त्यांत नांवानिशीं लिहिलें आहे. बरें झालें, कुंभाराचें नांव एकदां तरी सरकारी कागदावर शिकविणारा म्हणून आलें. पण तीन वर्षांत दहा दिवस! शहरांतलें पोर दहा दिवस कुंभाराच्या चाकापाशीं बसून फोटो काढून परत जाईल. आणि कुंभाराचें पोर त्या दहा दिवसांत कोठें जाणार? त्याला कोणी दवाखान्यांत डॉक्टरापाशीं, वकिलापाशीं, तहसील कचेरींत बसवणार आहे काय? कीं तें आपल्याच बापाच्या चाकापाशीं बसून ‘शिकेल’? धोरण लिहिणारांनीं याचें उत्तर द्यावें.

आणखी एका सोंगाबद्दल सावध करतों. स्वयंशिक्षण म्हणजे मास्तरावांचून शिक्षण, असा कांहींनीं सोयीचा अर्थ काढला आहे. २०२० सालीं टाळेबंदींत शाळा बंद पडल्या तेव्हां फोनवर अभ्यास आला. घरांत फोन एक, तो बापाबरोबर कामावर. रानांत रेंज नाहीं. आणि पोरानें स्वयंअध्ययन करावें! पोरें अक्षरें विसरून परत आलीं. ज्याला मास्तराचा पगार वांचवायचा आहे त्याला स्वयंशिक्षण फार आवडतें. खरें पाहतां या पद्धतींत मास्तराला दुप्पट राबावें लागतें. सातारा जिल्ह्यांत कुमठे बीटांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनीं हें करून दाखविलें. पोरें घोळक्यानें जमिनीवर बसून खडे, काड्या, मणी, चिठ्ठ्या घेऊन आपसांत वाचीत, मोजीत. ज्याला आलें तो दुसऱ्याला सांगे. मास्तर फळ्यापाशीं ओरडत उभा न राहतां पोरांमध्यें फिरे. महाराष्ट्रभरचे मास्तर तें पाहून आले, मीहि त्यांच्यासारखाच. २०१५ सालीं सरकारनें प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र म्हणून कार्यक्रम काढला. मग आमच्या भागांत काय झालें? फरशा रंगल्या! जिकडे तिकडे फरशीवर आंकडे, अक्षरें, सापशिडी. तपासणीला साहेब आले, फरशी पाहिली, शेरा दिला, गेले. पोरें पुन्हां ओळींत बसून तोंडपाठ करूं लागलीं, फक्त खालीं रंग होता.

तेव्हां वरून कोणी देईल याची वाट पाहूं नका. वर सांगितलेल्या कायद्याच्या २१ व्या कलमानें गांवच्या सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यांत चारांतले तीन सभासद आईबाप आणि निम्म्या बाया पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करण्याचा हक्क २२ व्या कलमानें त्या समितीला आहे. त्या समितींत तुमच्यापैकीं किती जण आहेत, आणि आहेत त्यांतल्या किती जणांना आपण सभासद आहों हें ठाऊक आहे? पुढच्या सभेला कुंभारानें, सुतारानें, गवंड्यानें, गोधडी शिवणाऱ्या मावशीनें स्वतः जावें. आराखड्यांत लिहून घ्यावें, कीं पहिलीपासून दर आठवड्याला माती, रंग, गाणें आणि हत्यार पोरांच्या हातांत येईल, सगळ्या पोरांच्या, पाटलाच्याहि. शिकवायला येणाऱ्या कारागिराला दिवसाच्या मजुरीइतका मोबदला मिळेल, आणि तो वर्गांत मास्तराच्या बरोबरीनें खुर्चीवर बसेल. आणि या पायीं वाचन-गणिताचा एक तासहि कमी होणार नाहीं. हें वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

आणि सभा न भरवतांच एखादें पोर शाळेंतून वही घेऊन सहीसाठीं दारांत आलें, तर त्याला पाणी द्या, गूळ द्या, पण सही देऊं नका. वही तशीच परत पाठवा, आणि गुरुजींना, मग तो मी कां असेना, निरोप द्या कीं सभा कधीं आहे तें कळवा, आम्ही येतों.

— एक खेडवळ मास्तर